टाकीत ६० अंश, तरी लिजिओनेला परत का येतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रुग्णालयात कॅलोरीफायरमधून, म्हणजे पाणी तापवणाऱ्या टाकीतून, बाहेर पडणारं पाणी ६० अंश सेल्सिअस आणि इमारतीत फिरून टाकीकडे येणाऱ्या परतीच्या लाइनवर ५२ अंश. तरीही एका विंगमधल्या दहापैकी चार नमुन्यांत लिजिओनेला, म्हणजे पाण्यात वाढणारा आणि न्यूमोनिया करणारा जंतू, सापडला. दोनदा भरपूर क्लोरीन घालून सगळी लाइन धुतली. दोन्ही वेळा लगेचचा रिपोर्ट चांगला आला आणि सहा-आठ आठवड्यांत जंतू पुन्हा हजर. आता क्लोरीन डायऑक्साइडचं डोसिंग बसवायचं की कॉपर-सिल्व्हर, म्हणजे पाण्यात तांब्याचे आणि चांदीचे आयन सोडणारी यंत्रणा?

सध्या दोन्ही मागवू नका. तुमच्याकडे तापमानाचे दोन आकडे आहेत आणि दोन्ही प्लांट रूममधले आहेत. त्या विंगमध्ये पाणी किती अंशांवर फिरतं, किंबहुना फिरतं तरी का, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही.

परतीच्या मुख्य लाइनवरचे ५२ अंश हे सगळ्या शाखांचं मिश्रण असतं. समजा पाच शाखा आहेत. जवळच्या चार शाखांतून मिनिटाला प्रत्येकी १० लिटर पाणी ५३ अंशांवर परत येतं आणि लांबच्या पाचवीतून मिनिटाला जेमतेम २ लिटर, तेही ३८ अंशांवर. मिसळल्यावर थर्मामीटर ५२.३ दाखवेल. लॉगबुकात सगळं आलबेल, आणि पाचव्या शाखेत जंतूंना हवं तसं ऊबदार घर. लिजिओनेला २० ते ४५ अंशांत वाढतो, ३५ च्या आसपास सर्वात जोमाने. ५० च्या वर त्याची वाढ थांबते, पण तो मरायला वेळ लागतो: ५० अंशांवर ९० टक्के जंतू मरायला सुमारे दोन तास, ६० वर दोनेक मिनिटं, ७० वर जवळपास लगेच. हे आकडे पाण्यात सुटे तरंगणाऱ्या जंतूंचे आहेत. नळीच्या आतल्या बुळबुळीत थरात, म्हणजे बायोफिल्ममध्ये, आणि त्या थरावर जगणाऱ्या अमीबांच्या पोटात बसलेले जंतू यापेक्षा बरेच चिवट असतात. अमीबाने स्वतःभोवती कवच केलं की लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनही आतपर्यंत पोचत नाही. क्लोरीन उतरल्यावर तोच अमीबा नवी प्रजा पाण्यात सोडतो. तुमच्या सहा-आठ आठवड्यांचं कोडं ते हेच.

मोजणीची पद्धत महत्त्वाची आहे. प्रत्येक शाखेची परतीची नळी मुख्य परतीला जिथे मिळते, त्याच्या अलीकडे मोजा. वेळ पहाटेची घ्या, कोणी नळ उघडलेला नसताना. दिवसा वापर चालू असला की गरम पाणी आपोआप ओढलं जातं आणि मंदावलेली शाखासुद्धा ठणठणीत दिसते. तांब्याच्या नळीवर इन्फ्रारेड गन धरू नका, चकचकीत धातूवर ती दहा-वीस अंशांनी सहज चुकते. तेवढीच असेल तर नळीवर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर नेम धरा. त्यापेक्षा नळीला चिकटणारा प्रोब बरा. तो लावून वरून फोमचा तुकडा बांधायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मग वाचायचं. प्लास्टिकच्या नळीवर बाहेरून घेतलेलं वाचन विश्वासाचं नसतं, तिथे थर्मामीटर पॉकेट, म्हणजे नळीच्या आत जाणारी थर्मामीटरची खोबण, बसवून घ्या.

लक्ष्य असं ठेवा: कॅलोरीफायरमधून ६० अंश, प्रत्येक शाखेच्या परतीवर निदान ५०, आणि मिक्सरच्या (गरम-थंड पाणी मिसळून ठरावीक तापमान देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) आधी नळाशी एका मिनिटात ५५. ब्रिटनमध्ये रुग्णालयांसाठी हेच आकडे वापरतात, इतर इमारतींना नळाशी ५० चालतात. थंड पाणी २० च्या खाली हवं. ते मुळातच त्याहून गरम येत असेल तर थंड बाजूलाही तपासणी आणि निर्जंतुकीकरणाची वेगळी तजवीज लागते.

शाखा थंड निघाली तर पहिली इच्छा मोठा पंप बसवायची होते. ती आवरा. मोठा पंप जास्तीचं पाणी जवळच्या, सोप्या वाटेनेच ढकलतो आणि तांब्याचे कोपरे झिजवतो. आधी हिशेब करा. शाखेची जाती-येती मिळून लांबी १२० मीटर, इन्सुलेशन चांगलं, मीटरमागे उष्णतेची गळती १० वॅट धरली तर एकूण १२०० वॅट. पाणी ५ अंशांपेक्षा जास्त उतरू द्यायचं नसेल तर १२०० भागिले (४१८६ गुणिले ५), म्हणजे सेकंदाला ०.०५७ लिटर (४१८६ ज्यूल म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता). मिनिटाला साडेतीन लिटरही पुरतात. इन्सुलेशन नसेल किंवा भिजून बसलेलं असेल तर गळती तिप्पट-चौपट होते आणि तेवढ्याच पटीने प्रवाह लागतो. म्हणून फॉल्स सीलिंगच्या वर डोकं घालून इन्सुलेशन बघणं हे पंपाच्या कॅटलॉगपेक्षा आधीचं काम. मग जवळच्या शाखांचे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, म्हणजे शाखेतला प्रवाह कमी-जास्त करणारे व्हॉल्व्ह, आवळत जा. सुरुवात सर्वात गरम परतीपासून करायची, एका वेळी थोडंच फिरवायचं, दोन-तीन तास थांबून पुन्हा सगळ्या शाखा मोजायच्या. दोन-तीन पहाटा यात जातात. झाल्यावर प्रत्येक व्हॉल्व्हचे फेरे कागदावर लिहून तिथेच टांगा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीत कोणीतरी ते पूर्ण उघडून ठेवतो.

आवळूनही लांबची शाखा तापत नसेल तर अडथळा शोधा. व्हॉल्व्हच्या गाळणीत क्षार आणि वेल्डिंगची खरवड, राइझरच्या, म्हणजे मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या नळीच्या, माथ्यावर अडकलेली हवा, कधीकाळी दुरुस्तीसाठी बंद केलेला आणि नंतर विसरलेला आयसोलेटर, म्हणजे पाणी तोडायचा व्हॉल्व्ह. हा शेवटचा वाटतो त्याहून फार वेळा सापडतो. तापमानानुसार आपोआप उघडझाप करणारे बॅलन्सिंग व्हॉल्व्ह उत्तम, पण कठीण पाण्यात क्षाराने जाम होतात. बसवलेत की वर्षाला काढून साफ करायची तयारी ठेवा.

परतीची मुख्य लाइन सकाळच्या गर्दीच्या वेळी अचानक थंड पडते का, तेही पाहा. पडत असेल तर पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. थंड पाण्याची भरती जिथे परतीच्या लाइनला जोडलेली असते, तिथून थंड पाणी उलटं वर चढतं आणि विंगमधल्या नळांना मागच्या दाराने पोचतं.

आता सर्वात जास्त वेळा निसटणारा दोष, ज्यावर मी तुमच्या जागी पैज लावेन: मिक्सरमधून थंड पाणी गरम लाइनमध्ये शिरणं. प्रत्येक थर्मोस्टॅटिक मिक्सरच्या दोन्ही प्रवेशांवर छोटे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतात. गरम बाजूच्या व्हॉल्व्हची स्प्रिंग क्षाराने अडकली आणि थंडाचा दाब थोडा जास्त असला की नळ बंद असतानाही थंड पाणी मिक्सरमधून गरम नळीत जात राहतं. हँड-शॉवरच्या टोकाला बटण असेल आणि रुग्ण मिक्सर उघडाच ठेवून ते बटण बंद करत असेल, तर हमखास. एक खराब मिक्सर आजूबाजूच्या चार-पाच खोल्यांचं पाणी कोमट करू शकतो, आणि दोष सगळे कॅलोरीफायरला देतात.

ओळखायचं असं. त्या शाखेचा गरम पाण्याचा जाता आणि येता, दोन्ही आयसोलेटर बंद करा. मग त्याच शाखेवरचा असा नळ उघडा ज्याला फक्त गरम पाणी येतं, म्हणजे क्लीनरच्या सिंकचा किंवा पॅन्ट्रीचा. नळीत साठलेलं पाणी निघून गेल्यावर धार थांबायला हवी. थांबली नाही, पाणी येतच राहिलं आणि हळूहळू गार होत गेलं, तर ते थंड लाइनमधून कुठल्यातरी मिक्सरवाटे येतंय. नळ तसाच चालू ठेवून एकेका मिक्सरचा थंडाचा आयसोलेटर बंद करत जा. ज्याच्यावर धार तुटली तो गुन्हेगार. एकापेक्षा जास्त असतील तर धार आधी फक्त बारीक होते, म्हणून बंद केलेला आयसोलेटर लगेच उघडू नका, पुढे जात राहा. प्लंबर आणि मदतनीस असे दोघे, हातात वॉकीटॉकी, वीस खोल्यांची शाखा अर्ध्या दिवसात होते. सापडलेल्या मिक्सरचं कार्ट्रिज, दोन्ही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि जाळ्या बदला. नुसतं धुऊन परत बसवण्यात अर्थ नाही.

मिक्सर काढूनच टाकायचा मोह मात्र नको. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजतं आणि वॉर्डात अशक्त, वयस्कर, बधिर त्वचेचे रुग्ण असतात. शॉवर आणि बेसिनला कमाल ४१, टबाला ४४ अंश ठेवा. फक्त मिक्सर नळाला चिकटून हवा. त्याच्या पुढची प्रत्येक इंच नळी ४१ अंशांची असते आणि तिला तापमानाचं कसलंच संरक्षण नसतं. संपूर्ण मजल्याला मिळून एकच मिक्सर असेल तर बाकी सगळं दुरुस्त करूनही रिपोर्ट सुधारणार नाही. तो हटवून खोलीनिहाय मिक्सर घ्या. बेसिनखालच्या जाळीदार वेष्टणाच्या लवचीक होजही काढा. आतल्या ईपीडीएम रबरावर थर फार छान जमतो. तिथे तांब्याची कडक नळी बसते. शॉवरचं हेड आणि होज तीन महिन्यांनी क्षार काढून निर्जंतुक करा किंवा सरळ नवं लावा.

पाणी जिथे थांबतं त्या जागा वेगळ्या. बेसिन काढलं आणि नळीला टोपी लावली, की तयार झाली आंधळी शाखा. ती टी-जोडापासून कापायची असते. टोपी घालून काम संपलेलं नसतं, नुसतं झाकलेलं असतं. कमी वापरातले नळ आठवड्यातून निदान दोनदा सोडा, पाणी स्थिर तापमानाला येईपर्यंत. शॉवर सोडताना हेड बादलीत किंवा पिशवीत बुडवा. या जंतूचा संसर्ग मुख्यतः तुषार श्वासात जाऊन किंवा पाणी ठसक्याने फुप्फुसात जाऊन होतो, त्यामुळे सोडणाऱ्या माणसालाच तुषारात उभं करणं बरोबर नाही. नोंदवहीत टिकमार्क मागू नका, तापमानाचा आकडा मागा. एकाच शाईत ओळीने चौदा टिकमार्क करायला मिनिट लागतं. चौदा पटतील असे आकडे लिहायला माणसाला तिथे जावं लागतं.

कॅलोरीफायरचाही एक कच्चा कोपरा असतो: तळ. वर ६० असताना तळाशी, भरतीच्या थंड पाण्याजवळ, ३५-४० असू शकतात, आणि गाळही तिथेच. वरून खाली पाणी फिरवणारा छोटा पंप रात्री, वापर नसताना चालवा, म्हणजे संपूर्ण टाकी रोज तासभर ६० वर राहील. तळाच्या ड्रेनमधून ठरावीक काळाने गाळ सोडा आणि वर्षातून एकदा मॅनहोल उघडून आत बघा. राखीव कॅलोरीफायर कोमट भरून ठेवलेला असेल तर तो राखीव नव्हे, जंतूंची पेढी. एकतर आळीपाळीने वापरा, नाहीतर रिकामा ठेवा आणि जोडण्यापूर्वी तासभर ६० वर न्या. सौर ऊर्जेची किंवा उष्णता वाचवणारी प्री-हीट टाकी असेल तर हाच नियम तिलाही लागू. वीज वाचवायला रात्री सेटिंग उतरवायची टूम रुग्णालयात नको.

हे सगळं होईपर्यंत रुग्ण सुरक्षित हवेत, आणि ते काम आजचं आहे. त्या विंगमध्ये प्रत्यारोपण, कर्करोग किंवा आयसीयूचे रुग्ण असतील तर नळांना आणि शॉवरना ०.२ मायक्रॉनचे टोकाला बसणारे फिल्टर लावा. उत्पादकाने दिलेल्या मुदतीवर, बहुधा महिन्या-दोन महिन्यांनी, बदला. फिल्टर मिळेपर्यंत शॉवर बंद, अंग पुसून घ्यायचं. नेब्युलायझर, ह्युमिडिफायर यांत नळाचं पाणी कधीच नाही, फक्त निर्जंतुक पाणी. इन्फेक्शन कंट्रोल टीमला सांगा की दाखल झाल्यावर न्यूमोनिया झालेल्या रुग्णांची लिजिओनेलाची तपासणी सुरू करा, आणि फक्त लघवीच्या अँटीजेन चाचणीवर थांबू नका. ती मुख्यतः सेरोग्रुप १, म्हणजे या जंतूचा एकच उपप्रकार, पकडते. थुंकीचं कल्चर किंवा पीसीआर सोबत हवं.

तापमान जागेवर आल्यावर एकदा निर्जंतुकीकरण करा. आधी नाही, दोनदा करून पाहिलंतच. उष्णतेने करायचं तर कॅलोरीफायर ७० च्या वर न्या, सगळ्या परतीच्या लाइन किमान तासभर त्या तापमानाच्या जवळ ठेवा, मग एकेक नळ ६० किंवा वर पाच मिनिटं सोडा. एका वेळी किती नळ उघडायचे हे बॉयलरच्या ताकदीवर ठरतं. दहा एकदम उघडलेत तर अकराव्याला कोमट पाणी मिळेल आणि मेहनत वाया. प्रत्येक दारावर पाटी आणि माणूस, कारण हे पाणी सरळ भाजणारं आहे. प्लास्टिकच्या नळ्यांना हे तापमान झेपतं का, ते आधी बघा. मिक्सरच्या पुढचा भाग यात तापत नाही, तो वेगळा काढून धुवावा लागतो.

क्लोरीनने करायचं तर तापन बंद करून, पाणी गार झाल्यावर. गरम पाण्यातून क्लोरीन उडून जातं. ५० मिलिग्रॅम प्रति लिटर एक तास, किंवा २० मिलिग्रॅम दोन तास. पीएच ८ च्या वर असेल तर त्याची धार बोथट होते. ५० चा डोस असेल तर तासाअखेर सर्वात लांबच्या नळावर ३० मिलिग्रॅम तरी उरायला हवं, नाहीतर पुन्हा. डायलिसिसची लाइन आधी तोडा आणि तिथल्या तंत्रज्ञाची सही घ्या.

आता मूळ प्रश्नातली रसायनं. क्लोरीन डायऑक्साइड बायोफिल्ममध्ये क्लोरीनपेक्षा चांगलं शिरतं, पण तो पाण्यात विरघळलेला वायू आहे. थंड भरतीत डोस दिला तर कॅलोरीफायर ओलांडून गरम टोकाला फार थोडा पोचतो, आणि डोस वाढवायला मर्यादा आहे: ब्रिटनमध्ये पिण्याच्या पाण्यात एकूण ऑक्सिडंट ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत, अमेरिकेत क्लोरीन डायऑक्साइड ०.८. कॉपर-सिल्व्हर उष्णतेत टिकतं. नळाशी तांबं ०.२ ते ०.४ आणि चांदी ०.०२ ते ०.०४ मिलिग्रॅम प्रति लिटर हवी. पीएच ७.६ च्या वर गेला की तांब्याचा परिणाम घसरतो आणि कठीण पाण्यात इलेक्ट्रोडवर क्षार चढून मीटर करंट दाखवतो पण पाण्यात आयन येत नाहीत. म्हणून करंट पाहू नका, नळाच्या पाण्यातले धातू मोजून घ्या. मोनोक्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) गरम पाण्यात सर्वात स्थिर आणि थरात खोल जाणारं, १ ते ३ मिलिग्रॅमला काम करतं. पण ते डायलिसिसच्या पाण्यात शिरलं तर रुग्णाच्या तांबड्या पेशी फुटतात, कार्बन फिल्टरच्या देखरेखीत चूक चालत नाही. अतिनील दिव्याचा परिणाम दिव्यापुरताच, पुढच्या नळीत काहीच उरत नाही. या यंत्रणेसाठी त्यात पैसे घालू नका. भिंतीत गाडलेल्या जुन्या नळ्यांमुळे एखादी शाखा काही केल्या ५० वर येत नसेल, तरच रसायन घ्या. डायलिसिस युनिट असलेल्या इमारतीत कॉपर-सिल्व्हर किंवा क्लोरामाइन आणण्याआधी त्या युनिटच्या शुद्धीकरणाची क्षमता तपासून घ्या.

स्यूडोमोनास हा ओलाव्यात वाढणारा दुसरा जंतू, या चित्रातला वेगळा पाहुणा. तो बहुधा नळाच्या शेवटच्या दोन मीटरमध्ये असतो, प्लांट रूमची उष्णता तिथे पोचत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये २०११-१२ ला नवजात अर्भकांच्या कक्षांत जो उद्रेक झाला, त्यानंतर नळाच्या तोंडातल्या प्रवाह सरळ करणाऱ्या जाळ्यांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. अतिदक्षता कक्षांत अशा जाळ्या नकोत, हात धुण्याच्या बेसिनमध्ये रुग्णाचं अंग पुसलेलं पाणी किंवा उरलेली औषधं ओतायची नाहीत, आणि साफ करताना आधी नळ, मग बेसिन, शेवटी ड्रेन. कापड उलट्या क्रमाने फिरलं की ड्रेनमधले जंतू नळाच्या तोंडाला लागतात.

नमुन्यांबद्दल, कारण तुमची फसवणूक इथेच झाली. क्लोरीननंतर लगेच घेतलेला नमुना चांगलाच येणार. त्यात तरंगते जंतू मेलेले असतात आणि अर्धमेले कल्चरमध्ये उगवत नाहीत. दुरुस्तीनंतर दर पंधरवड्याला तीन महिने, मग दर महिन्याला आणखी तीन महिने नमुने घ्या. बाटली एक लिटरची, निर्जंतुक, आत सोडियम थायोसल्फेट, म्हणजे उरलेलं क्लोरीन वाटेत जंतू मारत बसणार नाही. एकाच नळाचे दोन नमुने घ्या: नळ उघडताक्षणी पहिला, आणि नळाच्या तोंडाचं निर्जंतुकीकरण करून, पाणी सोडल्यानंतर दुसरा. पहिल्यात जंतू आणि दुसऱ्यात नाही तर दोष त्या नळात, मिक्सरमध्ये किंवा होजमध्ये. दोन्हींत असेल तर शाखेत किंवा टाकीत. कल्चरला दहा दिवस लागतात, घाई करणाऱ्या लॅबचा चौथ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ घेऊ नका. प्रत्येक नमुन्यासोबत त्या क्षणाचं तापमान लिहा. आकड्याशिवायचा रिपोर्ट वाचून दोष कुठे आहे ते कळत नाही.

तुमच्या त्या चार नमुन्यांच्या खोल्या नकाशावर खुणा करून बघा. त्या एकाच राइझरवर असतील तर बॅलन्सिंगपासून सुरुवात करा. शेजारी-शेजारी पण वेगळ्या राइझरवर असतील तर आधी मिक्सरची ती धार तोडायची चाचणी. आणि तीन महिन्यांनी एखादाच नळ पुन्हा पॉझिटिव्ह आला तर सगळी लाइन धुवायला काढू नका. त्या एका मिक्सरचं कार्ट्रिज आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बदला, होज काढून टाका, आणि पंधरा दिवसांनी तोच नळ परत तपासा.